नाटककर्त्री कै. हिराबाई पेडणेकर : अल्प जीवनपरिचय

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या कर्तृत्ववान व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. यंदा जे चरित्र वाचकबंधुभगिनींच्या हाती देत आहोत, त्या चरित्रनायिकेचे नाव मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदलेले आहे. परंतु आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ते मोकळेपणाने उच्चारले गेले नाही. ह्याचे कारण काय, ह्याचा विचार व्हावा, हाही ह्या लेखाचा एक हेतू आहे.

तेरेखोल नदीच्या एका अंगास सावंतवाडी संस्थान व दुसऱ्या अंगास गोव्याचा पेडणे महाल. ह्या सागरतीराच्या मुलखात देवळातील उत्सव, पालखी, लग्नमुंजीची बैठक, ह्यांपैकी काहीही कलावंत स्त्रियांच्या गाण्यावाचून पुरे होत नसे. गावातील प्रतिष्ठित मंडळी पुढल्या रांगेत बसून माना डोलावीत. परंतु रात्री जिच्या सुरांनी सभामंडप भारून जाई, तिला दुसऱ्या दिवशी त्याच मंडळींच्या घरी हळदीकुंकवाचे बोलावणे नसे. फार काय, नावामागे लावावयास उपपदही नसे. विवाहितेस सौ., विधवेस गं. भा.; हिला मात्र ह्यांपैकी काहीच लागू पडत नव्हते. कलेचा उपभोग घ्यावा व कलावतीस उंबरठ्याबाहेर ठेवावे, हा त्या काळच्या लहान गावांचा शिष्टाचारच होता.

अशा परिस्थितीत हिराबाईंचा जन्म सावंतवाडी येथे इ. स. १८८५ मध्ये कलावंतांच्या घराण्यात झाला. त्यांचे बालपण मुंबईस मावशी भीमाबाई ह्यांच्याजवळ गेले. घरी गाण्याची तालीम होतीच. परंतु हिराबाईंना शाळेत जावयास मिळाले, ही त्यांच्या आयुष्यातील मोठीच घटना म्हणावी लागेल. मराठीबरोबर अन्य भाषांशीही त्यांनी परिचय करून घेतला. पुस्तके वाचावयाची ती केवळ बैठकीत चतुर संभाषण करता यावे म्हणून नव्हे, तर आपणही लिहावे म्हणून, ही आकांक्षा त्यांच्या मनात लवकरच रुजली.

त्या काळी संगीत नाटकास ऐन बहर आला होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गोविंद बल्लाळ देवल, राम गणेश गडकरी अशा नाटककारांशी हिराबाईंचा परिचय होता. त्यांचे सूर व त्यांची रसिकता ह्यांचा गौरव करणारे पुष्कळ होते. परंतु गायिकेने गावे व लेखकांनी लिहावे, ही वाटणी त्यांना मान्य झाली नाही. कविता व कथा त्यांनी लिहिल्या व त्या मासिकांतून प्रसिद्धही झाल्या.

इ. स. १९०४ मध्ये त्यांचे ‘जयद्रथ-विडंबन’ हे नाटक प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्यांचे वय एकोणीस वर्षांच्या आसपास होते. विषयाची निवड पाहण्याजोगी आहे. महाभारताच्या वनपर्वातील कथा अशी की, पांडव वनवासात असता सिंधुराज जयद्रथाने एकट्या द्रौपदीस पळवून नेले व पुढे भीमाने त्याचे डोके भादरून त्याची फजिती केली. स्त्रीस वाटेवर पडलेली वस्तू समजणाऱ्या एका प्रतिष्ठिताची ही विटंबना होय. ज्या समाजात जन्म झाला, त्या समाजातील मुलींकडे जग कोणत्या दृष्टीने पाहते, हे जाणणाऱ्या तरुणीने पुराणातून नेमकी हीच कथा उचलावी, हा केवळ योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही.

पुढे इ. स. १९१२ मध्ये त्यांचे ‘संगीत दामिनी’ हे नाटक केशवराव भोसले ह्यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. एखाद्या व्यावसायिक नाटक मंडळीने स्त्रीने लिहिलेल्या नाटकाचा प्रयोग करण्याचा मान ‘दामिनी’स प्रथम मिळाला, असे मानले जाते. त्या काळी स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत. म्हणजे कुलीन म्हणविणाऱ्या समाजास स्त्रीने रंगमंचावर उभे राहणेही अद्याप रुचत नव्हते, तेव्हा एका कलावंत स्त्रीने लिहिलेले शब्द त्या मंचावरून बोलले व गायिले गेले. ‘आंधळ्यांची शाळा’ ह्या नाटकात जोत्स्नाबाई भोळे प्रभृती स्त्रियांनी भूमिका केल्या, तो प्रसंग ह्यानंतर एकवीस वर्षांनी, १९३३ साली घडला. हे अंतर ध्यानी घेतले म्हणजे हिराबाईंच्या धाडसाचे मोल कळते.

एवढे होऊनही प्रतिष्ठेची दारे त्यांस पुरती उघडली नाहीत. नाटकाची वाहवा निराळी व नाटककर्त्रीचा मान निराळा, हा अनुभव त्यांस आला. पुढे रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरजवळचे पालशेत हे त्यांचे गाव झाले. तेथील कृष्णाजी नेने ह्यांच्या सहवासात त्यांनी उत्तरायुष्य घालविले. नारळीपोफळीच्या बागा, समुद्राची गाज व चार घरांत सर्वांचे सर्व ठाऊक असणारे ते गाव! मुंबईत एक वेळ माणूस गर्दीत हरवून जातो. परंतु अशा गावी जन्माने कलावंत असलेल्या स्त्रीने ब्राह्मण गृहस्थाच्या सोबतीने राहणे म्हणजे काय, हे कोकणातील माणसास निराळे सांगावयास नको. हिराबाई तेथे एक-दोन नव्हे, अनेक वर्षे राहिल्या. इ. स. १९५१ मध्ये कर्करोगाने पालशेत येथेच त्यांनी देह ठेवला. सागरतीराच्या मुलखात सुरू झालेले जीवन सागरतीरीच संपले.

त्यांच्या हयातीतच काळ पालटू लागला होता. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला. कलावंत घराण्यांतील मुली शाळा-महाविद्यालयांत जाऊ लागल्या. हिराबाईंच्या निधनानंतर नाटककार वसंत कानेटकर ह्यांनी त्यांच्या जीवनावरून ‘कस्तुरीमृग’ हे नाटक लिहिले व रसिकांना त्यांचे नाव पुन्हा परिचित झाले. ज्या प्रतिष्ठितांनी एके काळी अंतर राखले, त्यांच्या नातवंडांनी तिकिटे काढून ते नाटक पाहिले असेल!

वाचकहो, शेवटी एक गोष्ट आपल्याच घरची. बाहेरच्या लोकांनी केलेली हेटाळणी आपण विसरू शकतो. परंतु तिच्या भयाने आपणही आपल्या आज्या-पणज्यांची नावे वंशावळीतून गाळली, त्यांचे तानपुरे माळ्यावर टाकले, त्यांच्या तसबिरी ट्रंकांच्या तळाशी घातल्या. शिकून सवरून मोठे झालेल्या आपल्या मुलांना त्यांची नावे ठाऊक नाहीत. हिराबाईंपाशी उपपद नव्हते, तरी पुस्तकावर स्वतःचे नाव घालण्यास त्या भ्याल्या नाहीत. त्यांचे स्मरण करावयाचे तर प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील अशा स्त्रियांची नावे, त्यांचे गाव व त्यांची कला ह्यांची नोंद वडीलधाऱ्यांस विचारून, ती माणसे हयात आहेत तोवर लिहून ठेवावी. ती वाचून एखाद्या घरची नात आपल्या पणजीचे नाव ताठ मानेने सांगेल, तर हे चरित्र छापल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.