मेघांत हरपलेला वीर : आल्बर्ट बॉल

पहिल्या महायुद्धातील वैमानिकांच्या पराक्रमाचे पोवाडे पुष्कळ गायिले गेले. पण त्या पराक्रमामागील कोवळ्या मनाकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले. आल्बर्ट बॉल याचे अवघ्या वीस वर्षांचे आयुष्य या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे १४ ऑगस्ट १८९६ रोजी त्याचा जन्म झाला. वडिलांनी पुढे त्या नगराचे महापौरपद भूषविले. लहानपणापासून बॉलला यंत्रांची ओढ होती. १९१४ साली युद्ध पेटताच तो पायदळात दाखल झाला. दुसऱ्याच वर्षी, पहाटे उठून, पदरचे पैसे खर्चून तो हेंडन येथे विमानविद्या शिकला आणि १९१६ च्या प्रारंभी फ्रान्सच्या आघाडीवर पोहोचला.

तो एकलकोंडा योद्धा होता. शत्रूच्या विमानाखाली नकळत शिरावयाचे आणि वरच्या पंखावरील मशीनगन तिरपी करून खालून मारा करावयाचा, ही त्याची युद्धरीत. ४४ हवाई विजय त्याच्या नावावर नोंदले गेले. मात्र जमिनीवर उतरला की हाच वीर विमानांच्या छपराशेजारी उभारलेल्या लाकडी खोपटात राही, भाजीपाल्याचा मळा फुलवी आणि व्हायोलिन वाजवीत बसे. शत्रूविषयी त्याच्या मनात द्वेष नव्हता. माणसे मारण्याच्या या कामाचा आपल्याला वीट आल्याचे त्याने घरच्या पत्रांतून कळविले होते.

७ मे १९१७ ची सायंकाळ. ५६ क्रमांकाच्या तुकडीतील ११ विमाने ढगाळ आकाशात निघाली. शत्रूशी गाठ पडली आणि झुंजीत सारे पांगले. बॉल एका काळ्याकुट्ट वादळी मेघात शिरताना सहकाऱ्यांना दिसला. तो पुन्हा त्यांच्या दृष्टीस पडला नाही. आनल गावाजवळ जमिनीवरील जर्मन अधिकाऱ्यांनी मात्र त्याचे विमान अगदी खालच्या ढगातून उलटे बाहेर पडताना पाहिले. पंखा थांबलेला होता. विमान कोसळले आणि बॉलची प्राणज्योत मालवली.

लोथार फोन रिश्टहोफेन या जर्मन वैमानिकाला या विजयाचे श्रेय देण्यात आले. परंतु त्याने तीन पंखी विमान पाडल्याचे सांगितले होते. बॉलचे विमान तर दोन पंखी होते. शिवाय बॉलच्या देहावर गोळीची एकही जखम आढळली नाही. त्या काळी ढगात विमानाचा तोल दाखविणारी विश्वसनीय उपकरणे नव्हती. क्षितिज दिसेनासे झाले की वर काय नि खाली काय, हेच वैमानिकाला उमगत नसे. बॉलचा घातही बहुधा असाच झाला असावा.

शत्रूने त्याला लष्करी इतमामाने मूठमाती दिली. जून १९१७ मध्ये त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. पुत्र जेथे पडला ती जमीन पित्याने विकत घेऊन तेथे स्मृतिशिला उभारली. विजयांची गणना इतिहासाने केली. त्या शिलेपाशी उरला तो केवळ एका पित्याचा शोक.