डॉ. नॅथॅनियल हायमोर आणि वरच्या जबड्यातील पोकळी

वरच्या दाढेच्या इम्प्लांटसाठी ‘सायनसखाली हाड कमी आहे’ हे ऐकून तुम्ही घाबरला असाल. इंग्लंडमधील शेरबोर्न गावचे डॉ. हायमोर (१६१३–१६८५) यांची एक रुग्णही घाबरली होती. सुळा काढलेल्या जागेतून सतत द्राव येई. तिने आत चाचपून पाहण्यासाठी घातलेली वस्तू इतकी खोल गेली की मेंदूपर्यंत पोचल्याची तिला भीती वाटली. ही जबड्यातील नैसर्गिक पोकळी आहे, असे सांगून हायमोर यांनी तिला धीर दिला. १६५१ साली त्यांनी ग्रंथात तिचे वर्णन केले. दातांवरचे हाड किती पातळ असते, तेही नोंदवले.

आज डॉक्टर त्याच पोकळीचे अस्तर अलगद उचलून खाली हाड भरतात: तुमचे स्वतःचे, प्रक्रिया केलेले प्राणिज किंवा कृत्रिम. तुमच्यासाठी कोणते आणि का, हे आधी जरूर विचारा.