लुई पाश्चर यांचे चंबू

लुई पाश्चर यांचा जन्म १८२२ सालीं फ्रान्स देशांतील डोल गांवीं झाला. वडील कातडीं कमावीत. नासक्या पाण्यांत जीव आपोआप उपजतात, असें त्या काळीं मोठमोठे विद्वान मानीत. रूआं येथील पूशे यांनीं १८५९ सालीं तसा ग्रंथच लिहिला, आणि आतां उत्पन्नकर्त्याची गरज ती काय, असें कित्येक म्हणूं लागले.

पाश्चर यांनीं साखर व खमीर घातलेलें पाणी कांचेच्या चंबूंत भरलें, चंबूंच्या माना हंसाच्या मानेसारख्या बांकविल्या व तें उकळलें. हवा आंत जाई, धूळ मात्र वळणांत अडके. पाणी महिनोगणती निर्मळ राहिलें; मान मोडतांच नासलें. १८६० सालीं आल्प्समधील हिमनदीपाशीं त्यांनीं दुसरे २० बंद चंबू उघडले. नासला तो एकच. जीव धुळींतून येत होते.

ह्या चंबूंनीं देव सिद्ध झाला, असें आमच्यांतील कांहीं जण सांगतात. आम्हांस तें रुचत नाहीं. हा प्रश्न प्रयोगाचा आहे, येथें धर्माचा वा नास्तिकांचा पक्ष धरूं नये, असें खुद्द पाश्चर यांनीं १८६४ सालीं सोर्बोन येथें श्रोत्यांस बजाविलें होतें. पृथ्वीवरील पहिला जीव कसा झाला, हें चंबू सांगत नाहींत. प्रयोगशाळांसही तें अद्याप उलगडलेलें नाहीं.

१८५९ ते १८६६ या अवधींत त्यांच्या तीन मुली निवर्तल्या. २८ सप्टेंबर १८९५ रोजीं ते वारले, तेव्हां एक हात पत्नीच्या हातांत व दुसऱ्यांत क्रूस होता, असें जामातानें लिहून ठेविलें आहे. अंत्यविधि पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरांत झाला.