बर्मंडसीचे डॉक्टर

लंडन शहरातून टेम्स नदी वाहते. तिच्या दक्षिण तीरावर बर्मंडसी नावाचा विभाग आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे गोद्या, कातडी कमावण्याचे कारखाने आणि बिस्किटांचे व मुरंब्यांचे कारखाने यांची एकच दाटी झाली होती. गोदीतील मजुरांना आज काम मिळाले तरी उद्या मिळेलच याची शाश्वती नसे. अनेक कुटुंबे एकेका खोलीत दिवस कंठीत. भिंती ओलसर, हवा कोंदट आणि सूर्यप्रकाश दुर्मिळ. अशा वस्तीत क्षय, घटसर्प आणि मुडदूस या रोगांनी ठाण मांडले होते, यात नवल ते काय?

या वस्तीला आपले घर मानणारे डॉ. आल्फ्रेड सॉल्टर यांचा जन्म १८७३ साली लंडनमधील ग्रीनिच येथे झाला. ते विलक्षण बुद्धिमान होते. गाइज रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी सुवर्णपदके मिळवली. रोगजंतूंच्या अभ्यासात त्यांची चांगली गती होती आणि मानाच्या व संपत्तीच्या वाटा त्यांना मोकळ्या होत्या. परंतु १८९८ साली ते बर्मंडसीतील एका सेवाकेंद्रात राहावयास आले. एडा ब्राउन नावाची एक तरुणी तेथे गरीब मुलींसाठी काम करीत होती. १९०० साली त्या दोघांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी डॉक्टरांनी जमैका रोडवर आपला दवाखाना उघडला.

त्यांची फी अवघी सहा पेन्स असे. ज्यांना तेवढीही देणे शक्य नसे, त्यांच्याकडून ते काहीच घेत नसत. दवाखान्यात रोग्यांची रीघ लागे. पण लवकरच एक गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात आली. औषध घेऊन बरे झालेले मूल पुन्हा त्याच ओलसर खोलीत निजे आणि काही दिवसांनी पुन्हा आजारी पडे. क्षयावर गुणकारी औषध तर त्या काळी नव्हतेच. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध पुढे १९४३ साली लागला. रोगाचे मूळ घरात, रस्त्यात आणि दारिद्र्यात होते. एकटा डॉक्टर ते कसे उपटणार? म्हणून १९०३ साली ते नगरपालिकेचे सभासद झाले.

सॉल्टर पतिपत्नींना जॉइस नावाची एकुलती एक मुलगी होती. आपण ज्यांच्यासाठी झटतो त्यांच्यातच आपले मूल वाढावे, असा त्या दोघांचा निश्चय होता. जॉइस वस्तीतील मुलांबरोबर शिकली, खेळली आणि सर्वांची लाडकी झाली. १९१० साली तिला तांबड्या तापाने गाठले. वडील निष्णात डॉक्टर असूनही ते तिला वाचवू शकले नाहीत. ती अवघी आठ वर्षांची होती. मातापित्यांवर दुःखाचा डोंगर कोसळला. बर्मंडसी सोडून स्वच्छ हवेच्या ठिकाणी जाणे त्यांना सहज शक्य होते. परंतु ते तेथून हलले नाहीत.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. डॉक्टर युद्धाचे कट्टर विरोधक होते आणि त्याबद्दल त्यांनी लोकांचा रोषही सोसला. १९१८ साली युद्ध संपले, तरी गरिबांचे हाल संपले नाहीत. १९२२ साली बर्मंडसीच्या मतदारांनी डॉक्टरांना पार्लमेंटवर पाठवले. त्याच वर्षी नगरपालिका त्यांच्या मजूर पक्षाच्या हाती आली आणि एडाबाई महापौर झाल्या. महापौराचा झगा आणि गळ्यातील साखळी त्यांनी नाकारली.

आता मनातील योजना प्रत्यक्षात येऊ लागल्या. आरोग्याधिकारी डॉ. किंग ब्राउन आणि त्यांच्यानंतर डॉ. कॉनन यांच्या देखरेखीखाली नगरपालिकेचे आरोग्यखाते कामाला लागले. काही क्षयरोग्यांना नगरपालिकेच्या खर्चाने स्वित्झर्लंडमधील लेझँ येथे सूर्योपचारांसाठी पाठवण्यात आले. सर्वांनाच इतक्या दूर पाठवणे शक्य नव्हते; म्हणून १९२६ साली बर्मंडसीतच कृत्रिम सूर्यकिरणांचे उपचारगृह उघडले. १९२७ साली सार्वजनिक स्नानगृहे बांधली गेली. ज्यांच्या घरी न्हाणीघरच नव्हते, त्यांना गरम पाण्याने स्नान करण्याची सोय झाली.

केवळ सोयी करून भागत नाही, लोकांना आरोग्याचे ज्ञानही हवे, हे खात्याने ओळखले होते. कर्मचाऱ्यांनी स्वतः बोलपट नसलेले, मूक चित्रपट तयार केले. ते मोटारीतून चौकाचौकांत नेऊन पडद्यावर दाखवीत. रोग कसा पसरतो, दात कसे राखावेत, स्वच्छता कशी पाळावी, हे मुले रस्त्यात उभी राहून शिकत.

एडाबाईंनी उजाड रस्त्यांवर हजारो झाडे लावविली. एक गलिच्छ वस्ती पाडून विल्सन ग्रोव्ह येथे बाग असलेली टुमदार घरे बांधण्यात आली. ती १९२८ साली पूर्ण झाली. मात्र अशी घरे थोड्याच कुटुंबांच्या वाट्याला आली. जागा अपुरी होती आणि खर्च मोठा होता. पुढे नगरपालिकेला बहुमजली इमारतींकडे वळावे लागले. १९३६ साली ग्रेंज रोडवर आरोग्यकेंद्र उभे राहिले आणि अनेक उपचार एकाच छपराखाली मिळू लागले.

दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाने बर्मंडसीची फार हानी झाली. कष्टाने उभारलेले पुष्कळ काही डोळ्यांदेखत ढासळले. १९४२ साली एडाबाई निवर्तल्या. १९४५ साली, युद्ध संपता संपता, डॉक्टरांनीही या जगाचा निरोप घेतला. त्यानंतर तीन वर्षांनी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि पैशावाचून कोणाचा उपचार अडू नये, हे तत्त्व साऱ्या देशाने स्वीकारले. डॉक्टरांनी सहा पेन्सच्या दवाखान्यात तेच तत्त्व जन्मभर आचरले होते.

टेम्सच्या काठी आज डॉक्टर, एडाबाई आणि जॉइस यांचे पुतळे आहेत. औषधाने एक रोगी बरा होतो; परंतु स्वच्छ पाणी, मोकळी हवा आणि चांगले घर यांमुळे शेकडो माणसे रोगी होण्यापासून वाचतात. ही शिकवण या दांपत्याने शब्दांनी नव्हे, तर आपल्या आयुष्याने दिली.