गोदरेजचं कपाट आणि विक्रोळीची खारफुटी

घरातलं स्टीलचं कपाट कुठल्याही कंपनीचं असो, आपल्याकडे ते ‘गोदरेजचं कपाट’च असतं. पण ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने घाटकोपरहून मुलुंडला जाताना विक्रोळीत उजव्या हाताला, ठाणे खाडीच्या बाजूला जी गर्द हिरवाई लागते ना, तिच्याशीही हेच नाव जोडलेलं आहे.

पिरोजशा गोदरेज यांचा जन्म १८८२ चा. थोरले भाऊ अर्देशीर यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला. पुढे पिरोजशा त्यात आले. अर्देशीर नवनवीन वस्तू शोधायचे, पिरोजशा धंदा वाढवायचे. कुलपांमागून तिजोऱ्या, साबण, कपाटं आली आणि लालबागची जागा अपुरी पडू लागली. १९४३ मध्ये, साठी उलटलेल्या पिरोजशांनी लिलावात विक्रोळीची मोठी जमीन घेतली. तेव्हा विक्रोळी मुंबईच्या हद्दीबाहेर होती! तिथे कारखाने आले, कामगारांची घरं, शाळा आली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या इथेच तयार झाल्या.

या जमिनीचा खाडीकडचा भाग मात्र चिखल आणि तिवरांचा. मुंबईत अशी जागा म्हणजे पडीक. भराव टाकायचा आणि बांधकाम करायचं. विक्रोळीत तसं झालं नाही, जंगल राहिलं.

त्याने काय फरक पडतो? तिवरांची श्वसनमुळं चिखलातून वर येऊन हवा घेतात. भरतीबरोबर आलेली कोळंबी, चिंबोऱ्या आणि माशांची पिल्लं या मुळांच्या आडोशाला वाढतात. झाडांची गळलेली पानं कुजून त्यांचं अन्न बनतं. मोठी झाली की त्यातली बरीचशी समुद्रात जातात. म्हणजे समुद्रातली मासळी किनाऱ्यावरच्या या चिखलावर जगते. शिवाय हीच मुळं लाटांचा जोर मोडतात, माती धरून ठेवतात आणि कार्बन चिखलात साठवतात.

पिरोजशा १९७२ मध्ये गेले. जंगल जपण्याचं श्रेय त्यांच्या एकट्याचं नाही. मुलगा सोहराब पर्यावरण चळवळीत उतरले. १९८५ मध्ये इथे सागरी परिसंस्था केंद्र सुरू झालं, तेही पिरोजशांच्या पत्नी सूनाबाई यांच्या नावाने. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला.

पुढच्या वेळी हायवेवरून जाताना उजवीकडे बघा. मुंबईतल्या जागेचे भाव तुम्हाला माहीत आहेतच. तरी तिथे टॉवर नाहीत, तिवरं आहेत.