जॉन कॉक्रन

जॉन कॉक्रन (१७९८ – २ मार्च १८७८, लंडन) हे स्कॉटिश घराण्यातील बॅरिस्टर व एकोणिसाव्या शतकातील नामवंत बुद्धिबळपटू होते. त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ कलकत्त्यात (आताचे कोलकाता) वकिली करण्यात गेला. पेट्रॉव्ह बचावाविरुद्ध चौथ्याच चालीत घोड्याचे बलिदान देणारा 'कॉक्रन गॅम्बिट' त्यांच्या नावाने ओळखला जातो. शास्त्रशुद्ध कसोटीवर हे बलिदान टिकत नाही. तरीही पावणेदोनशे वर्षांनंतर, विशेषतः इंटरनेटवरील जलद डावांत, ते वारंवार खेळले जाते. महेशचंद्र बंदोपाध्याय या बंगाली खेळाडूशी त्यांनी खेळलेल्या डावांमुळे भारतीय बुद्धिबळाच्या इतिहासातही त्यांना स्थान आहे.

प्रारंभीचा काळ

कॉक्रन यांनी तरुणपणी ब्रिटिश नौदलात काही काळ काढला आणि नंतर कायद्याचा अभ्यास केला. १८२१ साली ते पॅरिसला गेले. त्या काळी पॅरिस ही बुद्धिबळाची राजधानी होती आणि देशापेल व त्यांचे शिष्य ला बूर्दोने हे तेथील अग्रगण्य खेळाडू होते. कॉक्रन या दोघांशीही खेळले. पुढच्याच वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी बुद्धिबळावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. राजाच्या गॅम्बिटमधील साल्व्हिओ प्रकारात काळ्या बाजूने एफ३ वर प्यादे पुढे ढकलण्याचा जो डाव आहे, त्यालाही कॉक्रन यांचेच नाव आहे.

१८२४ मध्ये लंडन व एडिंबरा या शहरांच्या क्लबांत पत्रांद्वारे सामना सुरू झाला. लंडनच्या एका डावात तिसऱ्या चालीला वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे टाकून ते सोडून द्यावे, असा आग्रह कॉक्रन यांनी धरला आणि तो मान्य झाला. डाव ऐन रंगात असताना मात्र ते हिंदुस्थानला निघून गेले. मागे राहिलेल्या सहकाऱ्यांना तो हल्ला पेलला नाही व डाव हातचा गेला. एडिंबराने हीच सुरुवात स्वतः उचलली आणि १८२८ मध्ये सामनाही जिंकला. परिणामी ही सुरुवात 'स्कॉच' या नावाने रूढ झाली. ती सुचवणारे कॉक्रन त्या वेळी लंडनच्या बाजूने बसले होते, हे नावावरून कोणाच्या ध्यानी येणार नाही.

कलकत्ता

कलकत्त्यात त्यांनी वकिलीत चांगला जम बसवला. १८४१ ते १८४३ या काळात ते रजेवर इंग्लंडला गेले होते. तेथे हॉवर्ड स्टॉन्टन यांच्याशी त्यांनी शेकडो डाव खेळले. त्यांतील बहुसंख्य स्टॉन्टन यांनी जिंकले. परंतु १८४३ च्या अखेरीस सँ-आमां या फ्रेंच खेळाडूला हरवून स्टॉन्टन युरोपात सर्वश्रेष्ठ ठरले, त्याआधीचा त्यांचा सराव मुख्यतः कॉक्रन यांच्या हल्ल्यांना तोंड देण्यात झाला होता.

कलकत्त्यास परतल्यावर ते तेथील बुद्धिबळ क्लबाचे प्रमुख खेळाडू झाले. शहराबाहेर राहणारा एक ब्राह्मण या खेळात अजिंक्य आहे, अशी वार्ता क्लबाच्या सभासदांच्या कानी आली. ते महेशचंद्र बंदोपाध्याय होत. त्या वेळी त्यांचे वय पन्नाशीच्या आसपास होते. त्यांना कलकत्त्यास आणण्यात आले आणि क्लबाने त्यांना वेतनावर ठेवून घेतले. १८४८ पासून पुढे सुमारे बारा वर्षे दोघे एकमेकांशी खेळत राहिले. एक नामांकित बॅरिस्टर आणि दुसरा पगारी खेळाडू, हे अंतर पटाबाहेर राहिलेच असणार. पण डावांच्या नोंदींत दोघांच्या चाली सारख्याच काळजीने लिहिलेल्या आढळतात. त्यातले अनेक डाव इंग्लंडमध्ये छापून आले, म्हणून आज ते उपलब्ध आहेत.

महेशचंद्र देशी पद्धतीने खेळ शिकले होते. या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाते आणि किल्लेकोट नसून राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते. महाराष्ट्रातील जुने खेळाडूही अशाच नियमांनी खेळत. युरोपीय पद्धत देशी वाचकांस समजावून देणारे तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचे पुस्तक १८१४ मध्येच मुंबईत छापले गेले होते, तरी दोन्ही पद्धती पुढे दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदल्या. प्यादी सावकाश सरकवण्याची सवय महेशचंद्रांनी युरोपीय नियमांतही सोडली नाही. राजाच्या बाजूचे जी प्यादे एक घर सरकवायचे, त्यामागे उंट बसवायचा, पांढऱ्याला मध्यभाग घेऊ द्यायचा आणि मग त्यावर तुटून पडायचे, ही त्यांची रीत होती. समकालीनांना ती विचित्र वाटली. आज अशाच मांडण्यांना 'भारतीय बचाव' म्हणतात. मे १८५५ मधील त्यांचा कॉक्रन यांच्याविरुद्धचा एक डाव पुढे ग्रुनफेल्ड बचाव या नावाने प्रसिद्ध झालेल्या मार्गाने गेला आहे. ग्रुनफेल्ड यांचा जन्म त्यानंतर अडतीस वर्षांनी झाला.

कॉक्रन गॅम्बिट

१८४८ मध्ये कलकत्त्यात महेशचंद्रांविरुद्ध खेळलेला डाव असा सुरू झाला: १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-एफ६ ३. घो×ई५ डी६. येथे पांढरा घोडा सरळ मागे नेणे हा रुळलेला मार्ग आहे. कॉक्रन यांनी ४. घो×एफ७ खेळून तो राजापुढे टाकला. राजाने घोडा मारला, तेव्हा त्यांनी सी४ वरून उंटाने शह दिला. महेशचंद्रांनी ई६ वर उंट मध्ये घातला, उंटांची अदलाबदल झाली आणि काळा राजा पटाच्या जवळजवळ मध्यावर आला. हा डाव कॉक्रन यांनी जिंकला.

हिशेब मात्र तोट्याचा आहे. घोड्याचे मोल साधारण तीन प्याद्यांएवढे धरतात आणि पांढऱ्याला दोनच प्यादी मिळतात. त्याबदल्यात काळ्या राजाचा किल्लेकोटाचा हक्क जातो व मध्यभागी पांढऱ्याची प्यादी बळावतात. कॉक्रन यांच्या शहाला काळ्याने डी५ हे उत्तर दिल्यास हल्ल्याची धार बोथट होते, म्हणून अलीकडे पाचव्या चालीला शह न देता डी४ खेळतात.

खरा सापळा याच चालीनंतर आहे. ई४ वरील प्यादे फुकटचे दिसते. काळ्याने ते घोड्याने घेतले की वजीर एच५ वर येऊन शह देतो. राजा जी८ वर परतला तर डी५ वरून पुन्हा शह. मध्ये उंट घातला तर तो मारून वजीर तेथेच मात करतो. जी६ वर प्यादे आणून पहिला शह अडवला, तरी डी५ वरील शहामुळे ई४ वरचा घोडा जातो. उलट काळ्याने लोभ आवरून जी६ खेळले, राजा जी७ कडे नेला आणि मोहरी धीराने बाहेर काढली, तर जास्तीचा घोडा अखेर वरचढ ठरतो. घरी पट मांडून हे उमगायला फार वेळ लागत नाही. तीन मिनिटांच्या डावात, राजा उघडा पडलेला असताना, तेवढी सवड नसते. या गॅम्बिटचे आयुष्य तेवढ्यावरच चालले आहे.

तरी तो केवळ हौशी खेळाडूंपुरता राहिला असे नाही. १९९९ च्या लिनारेस स्पर्धेत व्हेसेलिन टोपालोव यांनी व्लादिमिर क्राम्निक यांच्याविरुद्ध हेच बलिदान दिले. पेट्रॉव्ह बचावात क्राम्निक यांचा हातखंडा होता. तो डाव बरोबरीत सुटला.

उत्तरायुष्य

१८६९ च्या सुमारास कॉक्रन कायमचे इंग्लंडला परतले आणि लंडनच्या क्लबांत पुन्हा पटावर बसू लागले. १८७२ मध्ये त्यांनी बंगालमधील हिंदू वारसा कायद्याचा आधार असलेल्या 'दायभाग' या पद्धतीच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले. प्रसन्नकुमार ठाकूर यांच्या मृत्युपत्रावरून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेला गाजलेला दावा हा त्याचा विषय होता. (महाराष्ट्रात दायभाग नव्हे, तर मिताक्षरा प्रमाण मानली जात असे.) त्यानंतर सहा वर्षांनी लंडनमध्येच त्यांचे निधन झाले.