सावित्रीमाईंची लेखणी कचारगडाला हवी

क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावात झाला. लग्नानंतर जोतिरावांनी त्यांना शिकविले. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली आणि माई शिक्षिका झाल्या. सनातन्यांनी शेण-दगड मारले, तरी शाळा सुटली नाही. १८५४ मध्ये त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. शिकविणारी लिहिती होती. पुढच्याच वर्षी फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दुःखावरील निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता माई गेल्या.

सालेकसा तालुक्यातील कचारगडाला माघ पौर्णिमेस अनेक राज्यांतून गोंड बांधव येतात. त्यांचा इतिहास गाण्यांतून व म्हाताऱ्यांच्या तोंडून चालत आला आहे. उन्हाळी सुटीत इथल्या शिक्षकांनी आणि मुलामुलींनी गडाच्या पायथ्याशी बसून तो गोंडीत व मराठीत लिहून काढावा, असे आम्हास वाटते. आधी शिक्षकांनी लिहावे, म्हणजे मुलेही लिहितील. आमचे दुःख दुसऱ्याने लिहिले तर दया मिळते. हक्क मागायचा तर ते आम्हीच लिहिले पाहिजे. शिक्षक संघटनांनी येत्या सुटीतच हे काम हाती घ्यावे.